सिटी व्हीटेकसाठी घरी बनवलेला कोल्ड एअर इनटेक : मुंबईतल्या कामाच्या नोंदी

२ मार्च २०२५

गाडी २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक. १४९३ सीसी, कंपनीने सांगितलेली ताकद १०६ बीएचपी. इंजिन अजून मोकळं फिरतं, ऑइल खात नाही, व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागल्यावरचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत येतो. तक्रार एवढीच की मुलुंडहून एलबीएस मार्गाने रांगत रांगत शीव गाठलं की पुढे रस्ता मोकळा मिळूनही काही किलोमीटर गाडी जड चालते. बॉनेटखाली तापलेली हवा इंजिन ओढत असणार, असा माझा अंदाज. उपाय म्हणजे कोल्ड एअर इनटेक, बाहेरची थंड हवा फिल्टरमधून इंजिनाला देणारा पाइप. पाइप कापायला घेण्याआधी तो खरा की खोटा ते बघायचं.

लॅमिंग्टन रोडवरून दोन प्रोबचा डिजिटल थर्मामीटर आणला, १४५० रुपये. एक प्रोब पुढच्या ग्रिलबाहेर, दुसरा मूळ एअर फिल्टरच्या डब्यात, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला. वायर दरवाजाच्या बीडिंगमधून आत घेतली. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिला खर्च थर्मामीटरवर करावा, फिल्टरवर नाही.

१६ मार्च

मूळ डब्याचे आकडे मिळाले. बाहेर ३३ अंश असताना एलबीएसच्या गर्दीत डब्यातली हवा ४६ पर्यंत चढते. ईस्टर्न फ्रीवेवर ७०-८०च्या वेगाने ती ३७ वर येते, पण उतरायला बराच वेळ घेते. मूळ डबा वाईट नाही हे यातून स्पष्ट झालं. गाडी पळत असताना तो बाहेरच्यापेक्षा चारच अंश गरम हवा देतो, तिथे फार काही मिळवण्यासारखं नाही. मिळवायचं ते गर्दीतल्या १३ अंशांत. हवा १० अंशांनी तापली की साधारण ३ टक्के विरळ होते आणि तेवढी ताकद जाते. पूर्ण कामाचं लक्ष्य आजपासून हेच.

२३ मार्च

प्लंबिंगच्या दुकानातून ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप आणि एल्बो आणून पाइपचा कच्चा मार्ग जुळवला, ४२० रुपये. पीव्हीसी फक्त मापापुरताच. इंजिनाच्या उष्णतेने तो मऊ पडतो, कायमचा बसवू नये. टोकाला ९०० रुपयांचा साधा, शंकूच्या आकाराचा 'कोन' फिल्टर लावला आणि मुद्दाम उघडाच ठेवून फिरवून आणला.

गर्दीत ६१ अंश. मूळ डब्यापेक्षा १५ जास्त. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की त्याचा झोत थेट फिल्टरवर. फ्रीवेवरसुद्धा ४३च्या खाली आला नाही. आवाज मात्र असा भरदार की गाडी जोरात पळतेय असंच वाटतं. बाजारात 'कोल्ड एअर' म्हणून जे किट उघडा कोन आणि चकचकीत पाइप देतात, ते मुंबईच्या रस्त्यावर गरम हवेचं किट आहे. डबा नसेल तर हे काम करूच नये, असं माझं ठाम मत झालं.

३० मार्च

पाडवा, बाजार बंद. जागा ठरवण्यात दिवस गेला.

दोन पर्याय. एक, पाइप खाली उतरवून फिल्टर बंपरच्या आत ठेवायचा. तिथली हवा सर्वांत थंड, परदेशात बरेच जण हेच करतात. दुसरा, हेडलाइटच्या मागच्या कोपऱ्यात वर डबा करून पुढून नळीने हवा आणायची. टेप लावून बघितलं : बंपरमधला फिल्टर जमिनीपासून २४ सेंटिमीटरवर येतो, वरचा ५८ वर. हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी २४ सेंटिमीटर पाणी जुलैत सहज साचतं. फिल्टर बुडला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा येत नाही, इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि तेवीस वर्षांच्या गाडीला ते देणार कोण? जागा वरचीच.

आणखी एक अट स्वतःला घातली. बॉडीला नवं भोक पाडायचं नाही, मूळ डब्याच्याच बोल्टच्या जागा वापरायच्या. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत न्यावी लागते. मूळ डबा एका दुपारीत परत बसला पाहिजे.

५ एप्रिल

पाइपचा शोध. ॲल्युमिनियमचे गुळगुळीत वळलेले एल्बो सुटे मिळाले नाहीत. पाइप बेंडिंगवाला वळवून देतो, पण आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. उपाय सी. पी. टँकच्या बाजूच्या पाइप-फिटिंगच्या गल्लीत सापडला. दूध डेअरी आणि औषध कारखान्यांसाठी ३०४ स्टेनलेसचे एल्बो मिळतात, बाहेरचा व्यास ६३.५ मिमी, जाडी १.६, आतून-बाहेरून पॉलिश. इनटेकला याहून चांगली वस्तू मिळणार नाही. दोन ९० अंशांचे एल्बो आणि दोन फुटांचा सरळ तुकडा मिळून २३५० रुपये.

स्टील ॲल्युमिनियमपेक्षा जड, मीटरला अडीच किलोच्या आसपास. पण उष्णता फार कमी वाहून नेतं, म्हणून इथे मला तेच पसंत. ७६ मिमीचा पाइप घ्या असा आग्रह दुकानात झाला. दीड लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला मिनिटाला सव्वापाच घनमीटरच्या आसपास हवा ओढतं, त्याला ६३ पुरेसा आहे. मोठा पाइप डब्यातली जागा खातो, बाकी काही देत नाही.

थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) तोंडाचा व्यास व्हर्नियरने मोजून मगच सिलिकॉनचा रिड्यूसर, म्हणजे दोन वेगळ्या व्यासांची तोंडं जोडणारा होज, घ्या. जुन्या रबरी होजवरून माप काढलं तर चुकतं, इतक्या वर्षांत तो सैल पडलेला असतो. रिड्यूसर, दोन सरळ तुकडे आणि क्लिपा नागदेवी स्ट्रीटवरून घेतल्या. एकूण १५८० रुपये.

१२ एप्रिल

भांडुपच्या एका गाळ्यात आर्गॉन वेल्डिंग. बाहेरून टाके सुरेख, एकसारखे. घरी आणून मोबाइलच्या टॉर्चने आत बघितलं तर जोडाच्या आतल्या कडेने काळी, खरखरीत साय धरलेली. नखाने खरवडली तर बारीक कण सुटून आले. फिल्टरच्या पुढच्या पाइपात हे असेल तर एकेक कण सरळ सिलिंडरमध्ये जाणार.

स्टेनलेस तापलेलं असताना आतल्या बाजूला हवा लागली की असं होतं. वेल्डिंग करताना पाइपची दोन्ही टोकं बंद करून आतही आर्गॉन भरायचा असतो. डेअरीच्या कामाला तो भरतातच, मी कामच तसं सांगितलेलं नव्हतं. पाइप परत नेला. गाळ्यातल्या वेल्डर चाचांनी एका टोकाला ॲल्युमिनियमची टेप लावली, दुसऱ्या टोकातून गॅसची बारीक नळी सोडली, जोड कापून पुन्हा मारले. या वेळी आतून फिकट सोनेरी रंग, हाताला गुळगुळीत. पहिले १५०० आणि पुन्हाचे ४०० रुपये. पाइप वेल्डरकडे देतानाच "आतूनही गॅस भरा" एवढं सांगितलं की वरचे चारशे आणि हेलपाटा दोन्ही वाचतात.

व्हॉल्व्ह कव्हरवरून येणाऱ्या ब्रीदरच्या (इंजिनातली ऑइलची वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीसाठी याच वेळी पाइपला तोटी जोडून घेतली. ही नळी उघडी सोडून त्यावर छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. त्यामुळे बॉनेटखाली ऑइलचा वास आणि चिकटा होतो. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये ती पुन्हा जोडावी. हवेच्या तापमानाचा सेन्सर जिथे होता तिथून हलवला नाही.

२० एप्रिल

पाइप गाडीत बसवला. मधला ब्रॅकेट बॉडीला घट्ट आवळलेला होता. दोन दिवस ऑफिसला नेली तर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना खट्ट असा आवाज. आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडायला लावलं आणि गाडीत बसून हँडब्रेकवर क्लच हलकाच सोडला. "बघा, इंजिन केवढं डोलतंय. तुम्ही त्याला दावणीला बांधलंय, ते तोडणारच." ब्रॅकेटच्या टाक्याला केसाएवढी चीर पडली होती.

इंजिन फाउंडेशनवर (ज्यावर ते बसतं त्या रबरी आधारांवर) हलतं, बॉडी हलत नाही. जुन्या गाडीची फाउंडेशनं मऊ झालेली असतात, तिथे ही हालचाल आणखी वाढते. दोन बदल केले. थ्रॉटलजवळ सरळ होजऐवजी मध्ये फुगा असलेला सिलिकॉन होज, ८०० रुपये. ब्रॅकेट आणि बॉडीच्या मध्ये दोन्ही टोकांना एम-६ बोल्ट असलेले रबरी बॉबिन, १२० रुपये. चिरलेला टाका चाचांनी फुकट मारून दिला. आवाज गेला.

२७ एप्रिल

डबा. सगळ्यात जास्त वेळ यानेच घेतला आणि गुणही यानेच दिला.

आधी पुठ्ठ्याचा साचा. हेडलाइटच्या मागची जागा चौकोनी कुठेच नाही, खाली वायरिंग, बाजूला फेंडरचा उतार. पुठ्ठा कापायचा, बसवायचा, जिथे अडेल तिथे पेनाने खूण करायची. तो मनासारखा बसल्यावर १.५ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवला. कापणं, वाकवणं आणि रिव्हेट मिळून ११०० रुपये.

डब्याला वरचं झाकण नाही, बॉनेटच झाकण. म्हणजे पत्र्याची वरची कड आणि बॉनेट यांच्यातली फट पूर्ण बंद हवी. पण बॉनेट बंद केल्यावर ती फट दिसणार कशी? त्यासाठी घरातून घट्ट मळलेली कणीक आणली. सुपारीएवढे गोळे करून पत्र्याच्या कडेवर दर दोन इंचांवर ठेवले, बॉनेटच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद चिकटवला, बॉनेट हलकेच दाबून बंद केलं आणि उघडलं. प्रत्येक गोळा जेवढा चपटा झाला तेवढी तिथली फट. फेंडरच्या बाजूला ६ मिमी, मध्ये १४, रेडिएटरकडच्या कोपऱ्यात तब्बल २२. बीडिंग एकाच जाडीचं लावलं असतं तर त्या कोपऱ्यातून पंख्याची सगळी गरम हवा आत आली असती. तिथे पत्र्याची पट्टी जोडून कड वर घेतली आणि मग दरवाजाला लावतात ते पोकळ रबरी बीडिंग सगळीकडून बसवलं, २४० रुपये. बॉनेट बंद करताना थोडा जोर लागला पाहिजे. फार लागला तर बॉनेटचा पत्रा उचलला जातो, तेव्हा बीडिंग मऊच घ्यावं.

पुढची नळी अजून नाही. नुसत्या डब्यावर गर्दीतला आकडा ५४. उघड्या कोनपेक्षा बरा, मूळ डब्यापेक्षा वाईट.

४ मे

फिल्टर बदलला. ९०० रुपयांचा फिल्टर काढून उन्हात धरला तर जाळी आणि रबराच्या जोडावर टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले. एलबीएसवर मेट्रो ४चं काम सुरू आहे, सिमेंटची धूळ दिवसभर उडते. अशा ठिकाणी तो फिल्टर म्हणजे इंजिनाला पॉलिश पेपर लावणं. चांगला कॉटनचा फिल्टर घेतला, ५२०० रुपये. नावाजलेल्या कंपन्यांचे नकली फिल्टर हुबेहूब खोक्यात मिळतात, म्हणून दुकानातच मोबाइलचा टॉर्च आत घालून जोड तपासावा. दुकानदाराने हरकत घेतली तर तिथून घेऊच नये.

कॉटनच्या फिल्टरच्या तेलाने एअर फ्लो सेन्सर खराब होतो, ती काळजी या गाडीला नाही. इथे इंधनाचं गणित मॅप सेन्सरवर, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, चालतं. याची दुसरी बाजूही आहे. थ्रॉटलच्या आधी पाइपात कुठे गळती असली तरी इंजिन तक्रार करत नाही, आयडलिंग व्यवस्थित राहतं आणि धूळ गुपचूप आत जात राहते. म्हणून इंजिन चालू ठेवून उदबत्ती प्रत्येक जोडाभोवती फिरवली. रिड्यूसरच्या क्लिपपाशी धूर आत ओढला गेला. क्लिप तिरकी बसली होती, सरळ केली. हे करताना पेट्रोलचा जराही वास येत असेल तर उदबत्ती पेटवू नका.

११ मे

पुढून हवा आणणारी नळी. स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तसला फॉइलचा ४ इंची पाइप आधी वापरला होता, ३५० रुपये. आठवडाभरात थरथरीने घडीवर फाटला आणि वळणावर चपटा झाला. आता सुतारकामाच्या कारखान्यांत भुसा ओढायला वापरतात तो तारेच्या स्प्रिंगचा ७५ मिमी पीयू होज, मीटरला ६५० रुपये. वळतो, दबत नाही. तोंड ग्रिलच्या मागे रेडिएटरच्या बाजूला, जमिनीपासून ४६ सेंटिमीटरवर.

बाहेर ३४ असताना गर्दीत ४२, फ्रीवेवर ३६. मूळ डब्यापेक्षा गर्दीत बाहेरच्या हवेशी फरक १३ वरून ८ वर आला. रस्ता मोकळा मिळाल्यावर आकडा उतरायला लागणारा वेळही निम्म्याहून कमी झाला.

१८ मे

भल्या पहाटे फ्रीवेवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०. चुलतभाऊ शेजारी बसून स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढत होता, वेळ घरी व्हिडिओवरून काढली. तिथली मर्यादा ८० आहे, त्यापुढे मोजायचं नाही. मूळ डब्यावर मार्चमध्ये ६.८ ते ७.१ सेकंद आले होते, आता ६.७ ते ७.०. हा फरक मोजण्यातल्या चुकीत जिरून जातो, त्याला फायदा म्हणता येणार नाही. गर्दीतून बाहेर पडल्या पडल्या घेतलेली वेळ मात्र ७.४ वरून ७.१ वर आली आणि ती प्रत्येक वेळी तशीच येते. गाडी चालवताना पायाला कळतं तेही हेच.

कुणी पाइपने १०-१५ बीएचपी वाढतात म्हणून सांगत असेल तर या इंजिनावर विश्वास ठेवू नका. गर्दीत गेलेली ताकद लवकर परत मिळते. माझ्यासाठी ते मोलाचं आहे, कारण ही गाडी रोज गर्दीतच चालते.

२६ मे

मुंबईत मॉन्सूनची नेहमीची तारीख ११ जून. पावसाळ्याचं काम त्याआधी उरकायचं ठरवलं होतं. आज २६ मेलाच मॉन्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. वरळीला भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. गाडी पार्किंगमधून काढली नाही.

तिथेच बसून विचार केला तेव्हा रचनेतला खरा धोका लक्षात आला. फिल्टर ५८ सेंटिमीटरवर आहे हे खरं, पण डबा सगळीकडून बंद आणि हवेची वाट एकच. नळीचं तोंड पाण्याखाली गेलं की इंजिन त्याच नळीने पाणी वर खेचणार. फिल्टरची उंची तिथे उपयोगाची नाही. उंची मोजायची ती हवा आत शिरते त्या तोंडाची.

१ जून

डब्याच्या फेंडरकडच्या भिंतीत वरच्या बाजूला ७० मिमीचं दुसरं तोंड कापलं, जमिनीपासून ६६ सेंटिमीटरवर. ते फेंडरच्या आतल्या पोकळीकडे उघडतं. भोक डब्याला, बॉडीला नाही. जुन्या एल्बोच्या तुकड्यातून दोन्ही तोंडांना बसेल असं एकच टोपण केलं. पावसाळ्यात ते पुढच्या नळीच्या तोंडावर, आतून रबराच्या वायसरसह घट्ट. डब्याच्या तळाला सगळ्यात खोल कोपऱ्यात ८ मिमीचं भोक, पाणी निघून जायला.

तपासणी अशी : डब्याच्या आत चारही बाजूंना वर्तमानपत्राचा कागद टेपने चिकटवला, इंजिन चालू ठेवून सोसायटीच्या नळाची पाइप ग्रिलवर आणि चाकाच्या कमानीत दहा मिनिटं मारली. खालच्या भिंतीचा कागद ओला, फेंडरच्या तोंडाखाली शिंतोड्यांचे डाग, फिल्टरच्या बाजूचा कागद कोरडा. त्या तोंडावर खाली झुकणारी पत्र्याची पट्टी लावल्यावर शिंतोडेही थांबले.

या रचनेत गर्दीतला फरक ८ वरून ११ अंशांवर गेला. पावसात बाहेरची हवाच २७-२८ अंशांची असते, तेवढं चालेल. यामुळे साचलेल्या पाण्यातून गाडी घालायची मुभा मिळत नाही. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर गाडी वळवायचीच.

१५ जून

पीयूसी करून आणली. बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज, प्रदूषणाचे निकष) पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमची मर्यादा आहे. दोन्ही आकडे बरेच खाली आले, मूळ डब्यावर असायचे तसेच.

एकूण खर्च थर्मामीटर धरून सतरा हजारांच्या आसपास. त्यातला फॉइलचा पाइप, स्वस्त फिल्टर आणि दुसऱ्यांदा मारलेलं वेल्डिंग टाळता येतं, म्हणजे पंधराच्या थोडं वर. मायलेजमध्ये फरक नाही. गाडी फक्त हायवेला चालत असेल तर हा खर्च करू नका, मूळ डब्यात नवा कागदी फिल्टर टाका.

फेंडरकडून हवा घेताना फिल्टर जास्त मळतो का ते दर महिन्याला बघतोय. बीडिंगचा रेडिएटरकडचा कोपरा दबत चालला आहे, तिथे जाड तुकडा लावावा लागेल. ऑक्टोबरात पाऊस गेला की टोपण बदलून पुढची नळी पुन्हा उघडायची. ऑक्टोबर हीटमधले एलबीएसचे आकडे तेव्हा याच नोंदींत जोडीन.